हेल्याच्या पाठीचं वायसर

भीमराजबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि पुढेही कोणी विचारणार नाही. तो पुढारी नव्हता, पैलवान नव्हता, शाहीर नव्हता. यवतमाळच्या विलायती प्रेसमध्ये, कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, फिटर होता, चार हंगाम. बस्स. पण न विचारता सांगायची मला जुनी खोड आहे, त्यावरून बायको रोज बोलते, आणि ही गोष्ट तर सांगितल्याशिवाय मला धड मरताही येणार नाही. कारण तिच्यात माझा हात आहे.

मी भगवानराव, त्या प्रेसचा स्टोअर कारकून. घर कुणब्याचं. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याला माझ्या सख्ख्या काकांची, बापूजींची, शेती होती. कापूस आणि तूर. मी कसाबसा मॅट्रिक झालो म्हणून माझ्या हातात औताऐवजी किल्ल्यांचा जुडगा आला. कचेरीत राहून बोलीही जरा पुस्तकी झाली, त्याला आता इलाज नाही.

प्रेस उभी राहिली ती पंचावन्न साली. कंपनी विलायतची. तिनं गावाबाहेर जागा घेतली, पैसा ओतला, आणि अशी मशीन आणली की ती पाहायला उमरखेडहून लोक मोटारीनं येत. काम साधं होतं. सरकी काढलेली रुई मोठ्या पेटीत भरायची, खालून पाण्याच्या जोरावर एक जाडजूड लोखंडी दट्ट्या वर चढायचा आणि त्या भुसभुशीत ढिगाची दगडासारखी घट्ट गाठ करायचा. गाठी आगगाडीनं मुंबईला, तिथून बोटीनं जपानला आणि विलायतेला जात. आपला आखूड धाग्याचा देशी कापूस आपल्याच गिरण्यांना नको असायचा, पण तिकडे त्याला मोठी मागणी होती. म्हणजे बघा, नाकारलेल्या मालाला गिऱ्हाईक भेटलं होतं.

पहिल्या दोन हंगामांत गावाची कळाच बदलली, खोटं नाही सांगत. विलायती कंपनी बाजारात लिलावाला उभी राहिली की देशी व्यापाऱ्याला झक मारत भाव चढवावा लागे. दोनशे बाया रुई निवडायला बसत. प्रेसच्या फाटकासमोर तीन चहाची हॉटेलं, सायकलचं दुकान, शिंपी, सगळं उभं राहिलं. बापूजींनी त्या दोन वर्षांत विहीर बांधून घेतली. ती विहीर पुढे येणार आहे, ध्यानात ठेवा.

भीमराज आला हमाल म्हणून. लोहाऱ्याच्या महारवाड्यातला, असेल तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. इतर जिनांमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांत, त्यांच्या लोकांना गाठी उचलण्यापलीकडे काम नव्हतं, मशीनला हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. इथे मात्र मशीन उभी करायला एक तांबड्या मिशांचा गोरा इंजिनिअर आला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस गाठ घट्ट होईना. सगळे वर पाहून राहिले. भीमराज खांद्यावर गाठ घेऊन चालला होता, तो थांबला आणि म्हणाला, "खालून आवाज येऊन राह्यला. पानी निसटून राह्यलं कुठून तरी."

मशीन खोलली. दट्ट्याच्या गळ्याभोवती चामड्याचं एक कडं असतं, ताटाएवढं, कडा आत वळवलेल्या. आम्ही त्याला वायसर म्हणायचो. पाण्याचा सगळा जोर तेच अडवून धरतं. ते एका बाजूनं दुमडलं होतं. गोऱ्यानं भीमराजच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात पाना दिला. छप्पन्नच्या हंगामापासून तो फिटर. खाकी सदरा, खिशावर पितळी बिल्ला. आमच्या काही लोकांची पोटं दुखली, माझंही थोडं दुखलं, कशाला लपवू?

या गोऱ्याच्या खिशात एक फोटो असायचा. तो भीमराजला दाखवायचा. भीमराज हसत हसत माझ्या खिडकीशी आला. "भगवानभाऊ, आयकलं काय? साहेबाचा बाप तिकडं ढोरं सोलायच्या कामावर होता म्हंते. हातात सुरी घेऊन फोटो काढला त्यानं! आन पोरगा तो फोटो खिशात घेऊन फिरते!"

"गोऱ्यांचं काही खरं नाही," मी म्हणालो, आणि दोघेही हसलो. पण तो दिवसभर त्याच विचारात होता. संध्याकाळी जाताना पुन्हा म्हणाला, "लपवत नाई न भाऊ तो."

त्याच वर्षी दसऱ्याला लोहाऱ्याचा तो सगळा मोहल्ला नागपूरला दीक्षेला गेला. भीमराजची आई रुखमाबाई, बायको कौसल्या आणि तो, तिघेही पांढरे कपडे घालून गेले. परत आल्यावर रुखमाबाईनं पहिलं काम काय केलं असेल? नवऱ्याची सुरी काढली. भीमराजचा बाप दोन वर्षांआधी वारला होता. मेलेलं ढोर सोलण्यात पाच गावांत त्याच्या हाताला तोड नव्हती. चामड्यावर एक ओरखडा दिसायचा नाही. भीमराजही बापाच्या हाताखाली ते शिकलेला. तर रुखमाबाईनं ती सुरी घेतली, नाल्याच्या डोहात फेकली आणि पोराला पाण्यात उभं करून वदवून घेतलं, की मेल्या ढोराला पुन्हा हात लावणार नाही. "चाळीस वर्सं तो वास माह्या अंगाले होता," ती म्हणाली, "आता सुटला. पुन्यांदा घरात आनजो नोको." हे मला कौसल्येनं सांगितलं. ती प्रेसमध्येच रुई निवडायला असायची.

मोहल्ल्यातल्या सगळ्यांनीच ते काम सोडलं. गावाला झोंबलं. बापूजी तर चवताळले. "आमची ढोरं मेली तं आमीच वढावी काय?" असं ते चावडीत बसून विचारायचे. ओढावी लागली. आमच्या भावकीतले लोक स्वतःच्या बैलजोडीनं ढोर ओढून खड्ड्यात पुरायला लागले, नाहीतर कोणीतरी अडाणी हात लावून वेडंवाकडं सोलायचा आणि चामडं बाजारात विकायचा.

आता पुढचं ऐका. सत्तावन्न साली सरकारजवळचं परदेशी चलन आटलं, आणि बाहेरून माल आणायची वाट बंद झाली. धान्य आणायचं होतं, धरणांची यंत्रं आणायची होती, त्यात आमच्या वायसराला कोण पुसतो? त्यांचंही खरं असेल, मी काही दिल्लीत बसलो नव्हतो. पण माझ्या मठ्ठ डोक्याला एक कळलं नाही ते कळलंच नाही. ज्या कंपनीला तुम्ही पैसा आणा म्हणता, मशीन आणा म्हणता, तिच्या मशीनचं वीतभर चामडं तुम्ही बंदरात उतरू देत नाही, मग त्या मशीनचं काय लोणचं घालायचं? सोयरिकीला हो म्हटलं आणि जाण्यायेण्याचा रस्ता खणून ठेवला, असा तो प्रकार. तांबड्या मिशांचा इंजिनिअर मशीन उभी करून गेला होता, आता साहेब म्हणजे कंपनीचा गोरा मॅनेजर; त्यानं परवान्याचा अर्ज केला. मी स्वतः टाइप केला. पाच वायसरं, फक्त पाच.

उत्तर आलं नाही. माझ्या स्टोअरात शिल्लक होती तीन. सत्तावन्नच्या हंगामात दोन गेली. तिसरं अठ्ठावन्नच्या डिसेंबरात फाटलं.

यवतमाळात एक म्हातारा चांभार होता, कसबी माणूस. त्याला नमुना दाखवला. त्यानं बाजारातल्या चामड्याचं एक करून दिलं, ते नऊ दिवस चाललं. दुसरं चार दिवस. दोन्ही एका जागीच फाटली. म्हाताऱ्यानं तुकडे उजेडात धरून मला दाखवले. "हे पाहा, सोलतानाचा सुरीचा घाव. वरून दिसत नाही, पण पानी बरोबर शोधते. मले हेल्याची पाठ आनून द्या, मोठ्या रेड्याची, जाड, बिनघावाची. जल्मभर चालन असं करून देतो." मग तो उसासा टाकून म्हणाला, "पहिले लोहाऱ्याहून माल यायचा. नख लागलेलं नसे. आता तो हात राह्यला नाही."

तो हात कोणाचा होता हे मला कळलं. आणि मी गाढव, धावत प्रेसमध्ये आलो आणि मशीनच्या खड्ड्यात उतरलेल्या भीमराजला सगळ्यांसमोर ओरडून म्हणालो, "अरे भीमराज, हे तर तुझ्या घरचंच काम!"

त्यानं वर पाहिलं. पाना पुसला, जागेवर ठेवला, आणि वर येऊन नळावर हात धुवायला गेला. त्या वाक्यासाठी मी स्वतःला किती वेळा शिव्या दिल्या आहेत, त्याचा हिशेब नाही. चांगलं म्हणून बोललो होतो हो मी. मला वाटलं, सापडला उपाय.

संक्रांतीला प्रेस बंद पडली. दोनशे बाया घरी. मैदानात रुईचे ढीग उघड्यावर. साहेब रोज मुंबईला तारा करायचा आणि रोज चिडायचा. शेवटी त्यानं हमालांनाही जा म्हणून सांगितलं. बाया फाटकाशी येऊन बसायच्या आणि ऊन चढलं की उठून जायच्या. त्यातल्या साठ-सत्तर भीमराजच्याच लोकांतल्या. त्यानंच एकेक करून कामाला लावलेल्या होत्या. त्यांना ना शेत, ना गावात आता सहसा कोणी काम देई. सुरी टाकल्याचा राग गाव असा काढत होतं.

जानेवारी सरता सरता बापूजींचा हेला मेला. सात वर्षांचा, पहाडासारखा. मला निरोप आला तेव्हा पहिलं काय सुचलं असेल? वायसर. मी सायकल काढून थेट भीमराजकडे. तो घरामागे बाजेवर बसला होता. मी आवाज खाली आणून सांगितलं.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "मायले शब्द देला."

"तुझा शब्द मोठा, का दोनशे घरं मोठी?" मी म्हणालो. बघा, कसा वकील झालो होतो! "एकदाच. कोणाला कळणार नाही. बापूजी माझे काका आहेत, त्यांचं तोंड मी बांधतो."

तो बराच वेळ मातीवर काडीनं गोल काढत बसला. मग विचारलं, "ते विलायतचं वायसर, ते कधी येईन?"

"कधीच नाही, असं धर."

"आन वायसर नसन तं प्रेस?"

"साहेब म्हणतो, गुंडाळून जाऊ."

त्यानं काडी टाकली. "चाला," तो म्हणाला.

करवतीच्या जुन्या पात्याची त्यानं प्रेसमध्ये घासून सुरी केली आणि दुपारी माझ्यामागे बापूजींच्या गोठ्यावर आला. बापूजी कमरेवर हात ठेवून उभेच होते. "या फिटरसाहेब," ते म्हणाले, "आले न शेवटी?"

भीमराजनं खाकी सदरा काढला, नीट घडी घातली, बिल्ला वर येईल अशी, आणि माझ्याकडे दिला. तीन तास मी तो सदरा छातीशी धरून उभा होतो. काय हात होता हो त्याचा! घाई नाही, जोर नाही. पाठीचं चामडं सुटत आलं आणि त्यावर एक ओरखडा नव्हता. त्याच्या डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं. तो ते दंडानं पुसायचा आणि पुढे चालू. माशांमुळे असेल, असं मी मनाला सांगितलं. माशांमुळे नव्हतं.

काम झाल्यावर तो उठला. तहानेनं ओठ चिकटले होते त्याचे. तो विहिरीकडे पाहून म्हणाला, "बापूजी, पानी द्या घोटभर."

विहीर वीस पावलांवर होती. तीच, विलायती कंपनीनं चढवलेल्या भावातून बांधलेली. काठावर बादली भरून ठेवलेली होती, तिच्यावर गडवा, म्हणजे तांब्या, उपडा. बापूजी म्हणाले, "नाल्याले लय पानी आहे." मी सदरा धरून तसाच उभा. वीस पावलं जाऊन गडवा भरून आणता आला असता. मला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. काका समोर होते, एवढंच.

भीमराज नाल्यावर गेला. तिथे त्यानं अंग तीनदा धुतलं, मग तो ओंजळीनं पाणी प्यायला, मग परत येऊन माझ्या हातून सदरा घेतला.

चांभारानं ते चामडं बाभळीच्या सालीत मुरवलं, एरंडीच्या तेलात भिजवलं, लाकडी साच्यावर ठोकून बसवलं. होळीच्या आधी वायसर बसलं. पाण्याचा जोर चढवला, सगळे श्वास धरून उभे. थेंब गळला नाही. दट्ट्या सरसर वर गेला आणि गाठ बांधली गेली, पहिल्यासारखी, तशीच. बाया टाळ्या वाजवून राहिल्या. साहेबानं भीमराजचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. तो हसला, पण अर्धाच.

गावाला कळायला किती वेळ लागणार होता? माझ्या काकानं पहिल्याच बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसून सांगितलं. वर मिशीला पीळ. मी भांडलो त्यांच्याशी, त्यांच्या दारात जाणं सोडलं, पण माझ्या भांडणाचं कोणाला काय होय? पुढच्या आठवड्यात गावात एक बैल मेला. चौघे जण मोहल्ल्यात गेले आणि म्हणाले, "चाला ढोर वढाले. भीमराज करते तं तुमाले काय धाड भरली?" मारामारीच व्हायची, थोडक्यात टळली. पण दोन घरांचं शेतातलं काम बंद केलं, एका म्हाताऱ्याला चक्कीवर दळण दिलं नाही. दोन वर्षं दातओठ खाऊन मिळवलेली ताठ मान, आणि तिच्यावर आता जो तो भीमराजचं नाव घेऊन हात ठेवू लागला.

मोहल्ल्यानं त्याला वाळीत टाकलं नाही. कोणी शिवीही दिली नाही. निळ्या झेंड्याखाली बैठक झाली, त्यानं उभं राहून चूक कबूल केली, लोक ऐकून घरी गेले. पण रुखमाबाईनं चूल वेगळी मांडली. एकाच घरात, एका कोपऱ्यात सून नवऱ्याची भाकरी थापायची, दुसऱ्या कोपऱ्यात म्हातारी आपली.

कौसल्येनं मला हे रुईच्या ढिगाशी उभं राहून सांगितलं, पदर तोंडात धरून. भीमराजनं आईला म्हटलं होतं, "माय, दोनशे बाया घरी बसल्या होत्या. आपल्या साठ होत्या त्याच्यात." त्यावर म्हातारी म्हणाली, "उपाशी राह्यल्या असत्या. चाळीस वर्सं राह्यलोच न आपन? तुवा तं सगळ्यायची मान वाकवली. तुह्या हातचं पानी मले नोको, आन माह्या हातचं तू मांगजो नोको." ती म्हातारी चुकली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिनं जे सोसलं त्यातलं मी काय सोसलं होतं?

ते वायसर तो सगळा हंगाम चाललं, पुढचाही पुरा चाललं. भीमराज दिवसातून दहा वेळा खड्ड्यात उतरून त्यावरून बोट फिरवायचा. एकदा मी म्हणालो, "अरे, काही होत नाही त्याला." तर तो म्हणाला, "त्याले काई झालं तं मंग कायच्यासाठी केलं, भाऊ?" त्याचा सगळा जीव त्या चामड्यात अडकला होता. प्रेस चालली पाहिजे. चालली, तरच त्यानं मोडलेल्या शब्दाला काही अर्थ. आईला एक दिवस फाटकाशी आणून दोनशे बाया दाखवायच्या, असं त्याच्या मनात होतं. ती आली नाही.

आणि मग प्रेस बंदच झाली. वायसर शाबूत असताना! साठ साली बाहेर पाठवायच्या कापसाचा कोटा इतका कापला की कंपनीच्या वाट्याला नावापुरत्या गाठी उरल्या. मशीन आहे, माणसं आहेत, रुई आहे, पलीकडे गिऱ्हाईकही आहे, पण गाठ बोटीवर चढू द्यायची नाही. साहेब म्हणाला, "इधर पैसा लाने का रास्ता है, माल का रास्ता नहीं. अइसा धंदा हम क्या करेगा?" त्यानं मे महिन्यात हिशेब मिटवला आणि प्रेस गावच्याच एका शेठला विकून टाकली. लिलावातून विलायती बोली गेली, आणि भाव एका हंगामात खाली बसला. निवडणाऱ्या बाया दोनशेच्या चाळीस झाल्या. फाटकासमोरचं एकच हॉटेल उरलं. पैसा तोच, मशीन तीच, गाव तेच. वाट उघडी होती तेव्हा त्यानं गाव वर आलं होतं, वाट बुजली तर तेच लोखंड नुसतं लोखंड होऊन बसलं. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही, मी खिडकीत बसून पाहिलं.

शेठनं आपल्या भाच्याला फिटर केलं. भीमराजला बोलावलं, माझ्यासमोरच. "तू आता मशीनला हात लावायचा नाही," शेठ म्हणाला, "तू चामडं पाहायचं. ती वायसरं काय झकास करतो म्हणे! आजूबाजूच्या जिनांनाही विकू. ढोर मेलं की मी निरोप पाठवीन. तुझा हात बसलेलाच आहे."

भीमराजनं खिशावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मग पाना ठेवला. "तो हात एकदाच बसला होता, शेठ," तो म्हणाला, आणि गेला.

त्याला झरी जामणीकडे एका जंगल ठेकेदाराकडे लाकूडतोडीचं काम भेटलं. निघायच्या दिवशी मी गाडीभाडं द्यायचा बहाणा करून गेलो होतो. गाठोडं काखेत घेऊन तो दारात उभा राहिला आणि आतल्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाला, "माय, जातो. पानी दे घोटभर."

रुखमाबाई तूर पाखडत होती. सूप थांबलं, पण ती उठली नाही. कौसल्येनं तांब्या आणून दिला. तो प्यायला, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि रस्त्याला लागला.

एकसष्टच्या श्रावणात तो झरीच्या रानात तापानं गेला. आठ दिवस ताप अंगावर काढला म्हणे. ठेकेदाराचा निरोप पोचेपर्यंत तिथल्या कोलाम आदिवासींनी माती दिलीही होती. कौसल्या जाऊन नुसती जागा पाहून आली.

आणि त्याच साली दिवाळीच्या सुमारास स्टोअरच्या दारात एक लाकडी पेटी येऊन पडली. मी शेठकडे अजून कारकूनच होतो. पेटीवर जुन्या कंपनीचं नाव, मुंबई बंदराचे शिक्के. खोलली तर मेणकागदात गुंडाळलेली पाच वायसरं. पाच. सत्तावन्न साली मी माझ्या हातानं टाइप केलेला अर्ज मंजूर झाला होता. मी तिथेच पेटीवर बसलो आणि पोरासारखा रडलो. शेठचा भाचा विचारत होता, काय झालं, काय झालं. काय सांगू त्याला, कपाळ?

एक वायसर मी पिशवीत घातलं आणि लोहाऱ्याला गेलो. कशासाठी गेलो, ते मलाही नीट माहीत नव्हतं. रुखमाबाई अंगणात बसली होती. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं तिला. मी वायसर तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "बाई, हेच यायला पाहिजे होतं तेव्हा. हे आलं असतं तर भीमराजला सुरी धरावी लागली नसती. विलायतेहून आलं."

तिनं ते चाचपलं. कडेवरून अंगठा फिरवला. नाकाशी नेलं. चाळीस वर्षं त्या वासात काढलेली बाई. तिला काय सांगावं लागतं?

"बाबू," ती म्हणाली, "हे बी ढोराचंच होय न?"

"होय."

"तिकडंबी कोनी सोललंच असन."

"हो, सोललंच असेल."

"मंग त्याले गावाबाहेर ठेवतात काय तिकडं?"

मला तो तांबड्या मिशांचा गोरा आठवला. मी तिला सांगितलं, की ज्यानं ती मशीन उभी केली, भीमराजच्या हातात पाना दिला, त्याचा बाप हेच काम करायचा. पोरगा शिकून साहेब झाला आणि बापाचा सुरीसकट फोटो खिशात घेऊन फिरायचा. भीमराजला त्याचं फार नवल वाटलं होतं, हेही सांगितलं.

तिनं वायसर मांडीवर ठेवलं. मग तिनं मान वर केली.

"तुमच्या काकाच्या गोठ्यावर त्यानं पानी मांगलं होतं म्हंते. कौसल्येले सांगतलं होतं त्यानं. तुमी होते तथी?"

"होतो," मी म्हणालो.

"देलं तुमी?"

मी मान हलवली, पण तिला दिसलं नसावं. म्हणून तोंडानं म्हणावं लागलं. "नाही दिलं, बाई."

"तुमी नाई देलं, तं मले राग नाई," ती म्हणाली. "तुमी कधी देलं आमाले? पन म्या काहून नाई देलं, बाबू? म्या तं माय होती."

कौसल्या घरातून तांब्या घेऊन आली. माझ्यासाठी आणला होता तिनं, पाहुणा म्हणून. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच धरून बसलो. ज्याला मी घोटभर पाणी दिलं नाही, त्याच्या अंगणातलं पाणी मी कोणत्या तोंडानं पिणार?